बेळगावच्या मिशनशी संबंध असलेल्या अमेरिकी चर्च-कॉलेजच्या अध्यक्षाची कार्यालयीन कागदपत्रं कुठे मिळतील?

आधी त्या कॉलेजच्याच अभिलेखागाराला ईमेल करा, आणि व्यक्तीच्या नावावर न थांबता अध्यक्ष-कार्यालयाच्या कागदपत्रांची सूची मागा. पदावरून लिहिलेली पत्रं, विश्वस्त सभांची इतिवृत्तं, अंदाजपत्रकं, चर्चला पाठवलेले अहवाल हे सगळं संस्थेचं असतं आणि सहसा त्या कार्यालयाच्या नावाखालीच लावलेलं असतं. खासगी पत्रं मात्र अनेकदा घरच्यांकडे राहतात. सूचीत ‘भारत’, ‘मिशन’ आणि जुनं इंग्रजी नाव ‘बेलगाम’ शोधा. शहराचं अधिकृत नाव २०१४ मध्ये बदललं, त्यामुळे ‘बेळगावी’ टाकून जुने कागद सापडणार नाहीत.

तिथे काही नसेल तर चर्चकडे वळा, आणि खरं तर मला हीच वाट जास्त भरवशाची वाटते. बेळगावचं मिशन १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने सुरू केलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते अमेरिकी मेथडिस्टांकडे, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चकडे गेलं. सोसायटीचे कागद लंडनच्या सोआस (आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाची संस्था) ग्रंथालयात आहेत. मेथडिस्टांचं मुख्य अभिलेखागार न्यू जर्सीत, ड्रू विद्यापीठाच्या आवारात. फक्त विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक फायली बहुतेक ठिकाणी कित्येक वर्षं बंद ठेवतात, त्यांची परवानगी वेगळी मागावी लागते.