कोकणात ज्वालामुखी नाही, मग झरे ऊन कसे?

प्रश्न : अणुस्कुरा घाटाने राजापूरला गेलो असता जवळच्या उन्हाळे गावातील गरम पाण्याचा झरा पाहिला. कोकणात ज्वालामुखी नसताना हे पाणी तापते कशाने? अशा झऱ्यांच्या काठी हिरवट, बुळबुळीत थर आढळतो, तो सजीव असतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जोतिबाच्या डोंगराचा काळा पाषाण लाव्हारसापासून बनला असल्याने झऱ्यांची उष्णताही त्याच लाव्ह्याची असावी, असा समज पुष्कळांचा असतो, परंतु तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असून केव्हाच थंड झाला आहे. झऱ्याचे पाणी मुळात पावसाचेच. ते खडकांतील भेगांमधून खोल झिरपते, आणि खोलीच्या दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढत असल्याने दीड-दोन किलोमीटरवर पोहोचेपर्यंत ते चांगलेच तापते. तापलेले पाणी हलके होते, शिवाय मागून उंचावरच्या पाण्याचा दाब असतोच. त्यामुळे एखादी मोकळी भेग सापडताच ते वर येते. ते किती वेगाने वर येते आणि वाटेत त्यात थंड भूजल किती मिसळते, यावर झरा कोमट की कढत हे ठरते. (उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे या गावांच्या नावांतच ‘ऊन’ पाणी आहे.) थंडीतल्या पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते, ते मात्र वेगळे : तेथे पाणी तापलेले नसते, हवा गारठलेली असते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते आम्हाला अधिक मोलाचे वाटते. असा थर बहुधा नील-हरित जीवाणूंचा असतो. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे हे जीवाणू सुमारे ७३ अंशांपर्यंत तग धरतात. त्याहून कढत पाण्यात प्रकाशसंश्लेषण थांबते, तरी जीवन थांबत नाही. तेथील काही सूक्ष्मजीव पाण्यातील गंधकाच्या किंवा हायड्रोजनच्या रासायनिक ऊर्जेवर जगतात. सामान्य सजीवांची प्रथिने ज्या तापमानाला निकामी होतात, तेथे यांची प्रथिने घट्ट बांधणीमुळे शाबूत राहतात. अमेरिकेतील यलोस्टोनच्या झऱ्यांतून थॉमस ब्रॉक यांनी १९६० च्या दशकात ‘थर्मस ॲक्वाटिकस’ हा जीवाणू शोधला. त्याचेच उष्णतेला न बधणारे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) पुढे डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर चाचणीत वापरले गेले, आणि करोनाच्या साथीत ही चाचणी घराघरांत माहीत झाली.

म्हणून कुंडावर पुन्हा गेलात, तर तो थर खरवडू नका आणि पाण्यात साबण वापरू नका.