खाडा म्हणजे काय?

प्रिय ईशान,

काल फोनवर तू आजोबांना म्हणालास, "आज जेवलोच नाही." ते हसले, "म्हणजे आज खाडा!" फोन ठेवल्यावर तू अर्थ विचारलास आणि मी "गैरहजेरी रे" म्हणून कणीक मळायला गेले. ते उत्तर अर्धंच होतं.

आजोबांनी हा शब्द खाणावळीतून आणलाय. रत्नागिरीहून ते लालबागला गिरणीत लागले, तेव्हा गाववाल्यांच्या एका खोलीत राहायचे. एकाची पाळी सुटली की तो येऊन दुसऱ्याच्या वळकटीवर पडायचा. बायका-मुलं गावाला, खोलीत चूल नाही. मग जेवायला चाळीतल्याच एका मावशींकडे. त्या सख्ख्या मावशी नव्हेत, पण आजोबा आजही त्यांना मावशीच म्हणतात. मावशींना लिहिता येत नव्हतं. त्या दाराआड भिंतीवर कोळशाने रेघा ओढायच्या, आणि जेवायला न आलेल्या दिवशी फुली. ती फुली म्हणजे खाडा. पगाराला हिशेब होताना खाड्यांचे पैसे वजा.

आता मजा बघ. गडी महिनाभर जेवणार आणि पैसे पगाराला देणार. पण तांदूळ, रॉकेल तर आजच हवं. मग वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज, नाहीतर मंगळसूत्र गहाण. दोन्ही वेळा पंधरा-वीस जणांचं रांधणाऱ्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा असा नव्हताच. तिला कोणी कामगारही म्हणत नव्हतं, याचाच मला जास्त राग येतो.

प्रेमा पुरव यांनी हे पाहिलं. गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या या बाई पुढे मुंबईत कामगार चळवळीत होत्या. 1975 मध्ये त्यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढलं. 1969 मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. तर त्या बँकांनी या बायकांना कर्ज का देऊ नये, हा त्यांचा सवाल. तारण द्यायला कोणाकडेच काही नव्हतं, म्हणून बायकाच एकमेकींना जामीन राहिल्या. सुरुवात अवघ्या चौदा जणींची. बायकांनी हप्ते फेडले आणि बघता बघता हजारो जणी आल्या. 2002 मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

मधे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पगारच नाही, तर खाणावळीचे पैसे कुठून देणार? गिरण्यांबरोबर खाणावळीही बसल्या. अन्नपूर्णाच्या बायका मग कँटीन, केटरिंगची कामं घेऊ लागल्या. तू गेल्या वर्षी फिनिक्स मॉलमध्ये आइस्क्रीम खाल्लंस ना? ती फिनिक्स मिलचीच जागा.

संपाचे पहिले दोन महिने मावशींनी आजोबांना उधारीवर जेवू घातलं. मग आजोबा गावी परतले. ते पैसे पुढे फिटले का, हे विचारायला माझी जीभ कधी रेटली नाही. तू विचार, नातवाला सांगतील.

आणि डबा संपव.

तुझी,
आई