परीक्षा विभागातून अमेरिकेतल्या विद्यापीठात

ताई, नमस्कार. तुम्ही विचारलंय की परीक्षा विभागात चौदा वर्षं काढून आता उपकुलसचिव आहे, तर अमेरिकेत विद्यापीठ प्रशासनातली नोकरी थेट शोधू की आधी उच्चशिक्षण या विषयात पीएचडी करू? मी म्हणेन, पीएचडी करा, आणि ती तुमच्याच टेबलावर पडलेल्या प्रश्नावर करा. मी याच वाटेने आले.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वर्षाला ८५ हजारांची मर्यादा विद्यापीठांना लागू नाही, हे खरं. पण प्रशासकीय पदासाठी परदेशातून माणूस आणायला सहसा कुणी तयार होत नाही. त्यात सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या उमेदवाराच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरचा भार टाकला. इथेच शिकलेल्या माणसाचं गणित वेगळं असतं. नियम सतत बदलताहेत, त्यामुळे अर्जाच्या वेळी पुन्हा तपासा.

एडडीकडे, म्हणजे शिक्षणशास्त्रातल्या व्यावसायिक डॉक्टरेटकडे, वळू नका. ती मुख्यतः नोकरी सांभाळून, स्वतःच्या खर्चाने करणाऱ्यांसाठी असते. पूर्णवेळ पीएचडीत असिस्टंटशिप मिळाली तर शुल्क माफ होतं, विद्यावेतन मिळतं आणि त्या बदल्यात साधारण आठवड्याला २० तास काम करावं लागतं. ते काम इन्स्टिट्यूशनल रिसर्चच्या कार्यालयात मिळालं तर सोडू नका. प्रवेश किती झाले, गळती कुठे झाली, पदवीला किती वर्षं लागली, ही सगळी आकडेवारी तिथे तयार होते आणि ‘आयपेड्स’ या उच्चशिक्षणाच्या माहिती-संकलनामार्फत तिथल्या केंद्र सरकारकडे जाते. विद्यापीठ आतून कसं चालतं, ते मला तिथेच कळलं.

प्रवेश स्वीकारण्याआधी विभागाला लेखी विचारा: अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक, कोणता? उच्चशिक्षण प्रशासनाच्या कोडवर पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायला १२ महिनेच मिळतात. शैक्षणिक मूल्यमापन व संशोधन किंवा शैक्षणिक सांख्यिकी असेल तर ते स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहेत, म्हणजे आणखी २४ महिने मिळू शकतात. या एका ओळीवर तुमची दोन वर्षं अवलंबून आहेत.

बायोडेटात ‘रजिस्ट्रार’ हा शब्द जपून वापरा. इथला रजिस्ट्रार नोंदी, वेळापत्रक आणि गुणपत्रकं बघतो. आपल्या कुलसचिवासारखा तो अधिसभेचा सचिव नसतो, आस्थापनाही त्याच्याकडे नसते. पदनामाऐवजी काम लिहा: पुनर्मूल्यांकनाचे अर्ज किती आले, निकाल किती दिवसांत लावला, तुम्ही कोणती पद्धत बदलली.

कामाची रीतही नव्याने शिकावी लागते. पहिल्याच आठवड्यात एका आईचा फोन आला, मुलगा नापास झालाय का, एवढंच सांगा. त्याची नोंद माझ्यासमोर स्क्रीनवर उघडी होती. आपल्याकडे मी पटकन सांगून टाकलं असतं. शेजारच्या सहकारिणीने हात वर करून मला थांबवलं. विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता जपणाऱ्या १९७४ च्या फेर्पा कायद्यानुसार विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय पालकांनाही सहसा गुण सांगता येत नाहीत. त्या माउलीचा आवाज अजून कानात आहे, आणि माझ्या प्रबंधाचा विषय त्या फोनमधूनच निघाला: विद्यार्थ्याची नोंद नक्की कुणाची?

कारभार आणि अभ्यास वेगळे काढू नका, असं मला मनापासून वाटतं. क्लार्क कर (Clark Kerr) हे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष असतानाच १९६० चा राज्याचा उच्चशिक्षण आराखडा तयार झाला. पदावर असतानाच, १९६३ मध्ये, त्यांनी हार्वर्डला आधुनिक विद्यापीठावर व्याख्यानं दिली. १९६७ मध्ये नियामक मंडळाने त्यांना पदावरून काढलं, तेव्हा ते उच्चशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या कार्नेगी आयोगाकडे गेले आणि त्याच अभ्यासात राहिले. कारभार केलेल्या माणसाचे प्रश्न वेगळे असतात, त्यात कागदाचा वास असतो.

राजीनामा मात्र देऊ नका. अध्ययन रजा मागा, पदावरचा धारणाधिकार, म्हणजे त्याच पदावर परत येण्याचा हक्क, कायम राहील का ते लेखी घ्या. यजमानांना एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, नोकरी करता येत नाही, त्यांच्याशी हे आधीच बोला. बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. पुनर्मूल्यांकनात गुण का बदलतात, यावर दोन पानं लिहून पाठवा. मी वाचून खुणा करून देते.