पायथागोरसच्या प्रमेयात बाजूंचे वर्गच का करायचे? नुसती बेरीज का चालत नाही?

बाजू ३ आणि ४ असतील तर कर्ण ७ का नाही, ५च का, असं तुमची दहावीतली मुलगी विचारते म्हणता. ७ येणार नाही हे चालतानाच कळतं. बांधावरून वळसा घेतला तर सात पावलं, शेतातून तिरकं गेलं तर कमी. (भात उभं असताना जाऊ नका, शिव्या पडतात.) पण नेमकी पाचच का, हे मला शाळा सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं.

देवगडजवळ आमच्या घराला मागे एक खोली काढायची होती. चिरे येऊन पडले होते, पायाची आखणी चालू होती. गवंडीकाकांनी कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका दोरीवर ६ फुटांवर खूण केली, दुसरीवर ८ फुटांवर, आणि टेपचं टोक माझ्या हातात दिलं. दोन खुणांमध्ये भरले १० फूट २ इंच. "कोपरो फाकलो हा, खुटी वायच आत घे." दोन इंचांनी काय बिघडतं, असं मला वाटलं. रात्री हिशेब केला तर कोन ९२ अंश निघाला. ३० फुटांची भिंत टोकाला फूटभर बाहेर गेली असती! शाळेत आपण प्रमेय घोकतो, काकांचं काम मात्र त्याच्या व्यत्यासावर चालतं: ३६ आणि ६४ मिळून १०० झाले की कोपरा काटकोनात.

आता वर्ग का, ते. पुठ्ठ्याचे ३, ४, ५ सेंमी बाजूंचे चार त्रिकोण कापा. वहीवर ७ सेंमीचा चौरस आखा आणि त्याच्या प्रत्येक कोपऱ्यात एकेका त्रिकोणाचा काटकोन बसवा, असा की चौरसाच्या प्रत्येक बाजूवर एकाचे ३ आणि शेजाऱ्याचे ४ येतील. मधे तिरका चौरस उरतो, त्याची बाजू म्हणजे कर्ण. ४९मधून चार त्रिकोणांचे २४ गेले, राहिले २५.

मग तेच त्रिकोण दोन-दोन जोडून ३ बाय ४चे दोन आयत करा आणि एक उभा, एक आडवा असे चौरसाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत सरकवा, म्हणजे त्यांची टोकं आत एकमेकांना टेकतील. आता उरतात दोन सरळ चौरस, एक ९चा, एक १६चा. मोठा चौरस तोच, पुठ्ठे तेच, मग मोकळी जागा बदलेल कशी?

म्हणजे बेरीज लांबीची नाहीच, जागेची आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रातही, म्हणजे यज्ञवेदी आखायच्या जुन्या ग्रंथात, हे असंच मांडलंय: आयताच्या दोन बाजू वेगवेगळ्या जेवढं क्षेत्र करतात, तेवढं कर्णावरची दोरी एकटी करते. शुल्ब म्हणजे दोरीच. काकांनी ते सूत्र ऐकलंही नसेल.

मुलीला २ आणि ३ घेऊनही हे करायला लावा. कर्ण पट्टीवर धड मोजता येणार नाही, ३.६च्या जरा पुढे जाईल. पण मधला चौरस बरोबर १३ भरेल, २५ वजा १२.