जुन्या कलाकारांना एकत्र आणताना

मडगावातले जुने गायक-वादक एका मंचावर आणायचं ठरवलंस, छान. पण आमंत्रण व्हॉट्सॲपवर नको. घरी जा, चहा घे. कोणाचं कोणाशी पटत नाही, ते तिथेच कळतं! मडगावच्या गोमंत विद्या निकेतन या संस्थेत कार्यक्रम करायचा तर तारीख लवकर घे. गाणाऱ्याची आजची पट्टी, म्हणजे तो कोणत्या स्वराला ‘सा’ धरून गातो, ते विचार. एकेकाळी काळी तीनला (पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीवर) गाणारे आता खालच्या काळी एकवर आलेले असतात, आणि चारचौघांत ते सांगायला संकोचतात. पेटीवाल्याच्या कानावर आधीच घाल. घुमट, म्हणजे तोंडावर कातडं ताणलेलं मातीचं तालवाद्य, हवंच, २०१९ पासून ते गोव्याचं वारसा वाद्य आहे. मात्र बकऱ्याच्या कातड्याचं, घोरपडीच्या नव्हे, त्याला बंदी आहे. भाषणं नकोत, मंत्री आले तरी. तालीम मात्र रेकॉर्ड कर, जुने किस्से तिथेच निघतात.