नागपुरातल्या मराठी ख्रिश्चन तरुणाचं रोजचं जगणं कसं असतं? श्रद्धा खरी असते की नुसती सवय?

प्रश्न सरळ विचारलाय, आवडला. त्यातला फक्त 'नुसती' हा शब्द टोचला. टोचणं हा माझाच धंदा असल्यामुळे उत्तर लिहायला बसलो.

वय 27, मुक्काम सदरच्या जवळ, शिक्षण डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेतो. दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो, कारण ज्यांची उपाशीपोटी साखर तपासायची असते ते लोक माझी वाट बघत बसलेले असतात. खरं तर वाट चहाची असते. मी येऊन सुई टोचेपर्यंत घरातला चहा अडलेला. दहा मिनिटं उशीर झाला की "काहून बे, आत्ता उगवला का?" अशा शब्दांत स्वागत होतं.

तर रोजची प्रार्थना. सिनेमात दाखवतात तशी पलंगाशेजारी गुडघे टेकून मी ती करत नाही. गाडीवर करतो, सिग्नलला. येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना घाई न करता म्हटली तर तीस-पस्तीस सेकंद लागतात. नव्वद सेकंदांच्या सिग्नलला दोनदा बसते आणि वर मागच्याचा हॉर्न ऐकायला थोडा वेळ उरतो. मोबाईलच्या आधी आमची आजी अंडी उकडायला हाच हिशेब वापरायची, त्यामुळे ही खोड माझ्या एकट्याची नाही, घराण्याची आहे.

माझं नाव आणि आडनाव दोन्ही इतकी मराठी आहेत की फॉर्म भरताना कुणाला काही वाटत नाही. नंतर नस शोधायला वाकलो की शर्टातला क्रॉस बाहेर येतो आणि मग ठरलेलं वाक्य: "अरे, तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता!" चार वर्षं झाली, यावर काय बोलायचं ते मला सुचलेलं नाही. घरी काय आम्ही स्कॉटिश बोलतो? एकदा भाड्याची खोली बघायला गेलो होतो, तिथे नॉनव्हेजचं कारण सांगून नकार मिळाला. नागपुरात. सावजी मटणाच्या गावात! सोडून द्या.

पणजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. ते कोणत्या जातीतून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आले हे घरात कुणी मोठ्यानं सांगितलं नाही, लपवलंही नाही. नागपुरात ज्याला कळायचं त्याला कळतंच. आजीचा एक चुलतभाऊ 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांसोबत दीक्षा घ्यायला त्या मैदानात होता. आजी तेव्हा संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करत होती. पुढे आयुष्यभर दोघांनी एकमेकांचा धर्म काढला नाही. त्यांचं एकच मोठं भांडण झालं, ते एका सायकलवरून.

आई कॅथलिक घरातली, बाबा सीएनआयचे. उत्तर भारतातल्या सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, तयार झालं ते आमच्याच नागपुरात, 29 नोव्हेंबर 1970 ला. बाबा हे पाहुण्यांना अभिमानानं सांगतात. आई आतून म्हणते, "सहा जमले, सातवं घरात जमवा." तिची जपमाळ अजून देवघरासारख्या कोनाड्यात असते आणि बाबा तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात. नाताळला मात्र दोघांची एकी असते: केक बाहेरून, करंज्या घरच्या, आणि अनारसे बिघडले तर दोष माझा, कारण मी मधे मधे बोललो.

सणांच्या तारखांचं खातं आजीकडे. ईस्टर दरवर्षी हलतो, आणि ती तो कालनिर्णयावर काढते. 21 मार्चनंतरची पहिली पौर्णिमा धरायची, कधी होळीची असते, कधी हनुमान जयंतीची, आणि तिच्या पुढचा रविवार आपला. 2023 मध्ये हनुमान जयंती 6 एप्रिलला होती, उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, 7 ला. 2024 मध्ये धुळवड 25 मार्चला, उत्तम शुक्रवार 29 ला. त्या वर्षी मी कानामागे गुलाबी रंग घेऊन चर्चमध्ये बसलो होतो आणि मागच्या बाकावरच्या मावशींनी रुमाल भिजवून पुढे केला.

ईस्टरआधीचे चाळीस दिवस उपवासकाळ. प्रत्येकानं काहीतरी सोडायचं असतं. मी पोह्यांवरची झणझणीत तर्री सोडतो. पोहे सोडत नाही, फक्त तर्री. नागपूरकरांना हे किती मोठं बलिदान आहे ते सांगायला नको, पुण्याच्या वाचकांनी विश्वास ठेवावा. आता यातली मेख ऐका. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मोजले तर दिवस सेहेचाळीस भरतात, कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. हे मला ज्या वर्षी कळलं त्या वर्षापासून मी रविवारी उपासना सुटल्यावर थेट पोह्याच्या ठेल्यावर असतो. पाळकसाहेबांना विचारलं, हे चालतं का. ते म्हणाले, "नियमात बसतं." मग थोडं थांबून म्हणाले, "परुशीही नियमातच बसत होते." परुशी म्हणजे बायबलातले नियमावर बोट ठेवणारे लोक, ज्यांना येशूनं झापलं. त्यांनाही एक प्लेट सांगितली. खाल्ली त्यांनी.

आमच्या उपासनेत हार्मोनियम आणि तबला असतो. कवी नारायण वामन टिळकांची गीतं तालासुरात म्हणतो, आणि त्यांची चाल कीर्तनाच्या इतकी जवळची आहे की बाहेरून जाणारा माणूस भजन समजून चप्पल काढायला थांबेल. टिळकांना नवा करार हातात मिळाला तो 1893 मध्ये, नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात, एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाकडून. दोन वर्षांनी मुंबईत बाप्तिस्मा. त्या मार्गावरच्या गाडीत मीही बऱ्याचदा बसलोय. मला आजवर फक्त चिवड्याची पुडी मिळाली आहे.

हिस्लॉपसाहेबांचंही सांगायला हवं. संडे स्कूलमध्ये स्टीफन हिस्लॉप म्हणजे शाळा काढणारे मिशनरी एवढंच शिकवलं. पुढे त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं, 1883 मध्ये. पण त्या माणसाला दगडांचं वेड होतं हे मला मोठेपणी कळलं. खडक, जीवाश्म, गोंडी शब्द, जे दिसेल ते गोळा करायचे. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघायला गेले आणि परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून वारले. देवासाठी सातासमुद्रापार आलेला माणूस दगड बघायला जाऊन गेला. हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा जवळचं वाटतं. का, ते नीट सांगता येणार नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. आमच्याकडे द्राक्षरस छोट्या छोट्या पेल्यांत घालून गोल ट्रेमधून फिरवतात. आठवडाभर मी नळ्यांचा रॅक घेऊन फिरतो: जांभळ्या टोपणाची सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, राखाडी साखरेसाठी, निळी रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी. कामाला लागल्यावरच्या पहिल्या प्रभूभोजनाला तो ट्रे समोर आला, पाळक म्हणाले "हे माझे रक्त", आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला की लेबल कुठे आहे. हसू आवरेना. नंतर दोन दिवस भीती वाटत राहिली. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "रक्ताला भ्यायला नाहीस, आता काय भितोस?"

ते 2021 होतं. कोरोनातले एप्रिल-मे नागपुरात कसे गेले हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. नवीन नोकरी, अंगावर किट, बाहेर त्रेचाळीस डिग्री. रक्ताच्या गुठळ्यांचा अंदाज देणाऱ्या डी-डायमर तपासणीची मागणी इतकी की निळ्या टोपणाच्या नळ्या संपायच्या. त्या दिवसांत माझी प्रार्थना बंद झाली. देवावर रागावून सोडली असती तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. तसं काही नव्हतं, फक्त घरी येऊन आंघोळ करून पडायचो. एका घरी आजोबांचा हात धरला, नस लागेना. दंडाला पट्टा, मूठ आवळलेली, आणि चष्म्यावर वाफ, त्यामुळे दिसत काहीच नाही. नस तशीही डोळ्यांनी शोधत नाहीत, बोटानं शोधतात. दाबल्यावर उसळून वर येते ती नस. बोट फिरवताना लक्षात आलं की मास्कच्या आत माझे ओठ हलतायत. "तुझे राज्य येवो, तुझी इच्छा पूर्ण होवो." मी म्हणायचं ठरवलं नव्हतं. ती सवयच होती, तुम्ही म्हणता तीच. तिसऱ्यांदा टोचल्यावर रक्त आलं. आजोबा वाचले की नाही मला माहीत नाही. आम्हाला ते कळत नाही, नमुना दिला की आमचा संबंध संपतो.

हे पाळकसाहेबांना मी सांगितलेलं नाही. न दिसणारी नस आणि न दिसणारा देव, पुढच्याच रविवारी संदेशात, म्हणजे प्रवचनात, आलं असतं.

शंका आहेत का? आहेत. आजारी लेकराच्या बापाला कुणी "देवाची योजना" म्हणून समजावताना ऐकलं की मी खोलीबाहेर जातो. चांगल्या बातमीवर "प्रेझ द लॉर्ड" म्हणणारे वाईट रिपोर्टवर गप्प होतात, त्यांचाही कंटाळा येतो. पण उत्तम शुक्रवार मला पटतो. दुपारी बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरचे सात उद्गार, सात जण बोलणार. चौथा उद्गार आहे, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे कुणा नास्तिकाचं वाक्य नाही. ज्याच्या नावानं आम्ही ख्रिश्चन, त्याचं आहे. आणि त्या जागी वरून उत्तर आल्याचं शास्त्रात लिहिलेलं नाही. कुणीतरी ते भरून काढलं नाही, तसंच ठेवलं, यावर माझा बराच विश्वास टिकून आहे.

गेल्या वर्षी मला पाचवा उद्गार दिला होता: "मला तहान लागली आहे." नागपूर, एप्रिल, दुपारचे दोन. आमच्या चर्चमध्ये चार मोठे कूलर आहेत. ते चालू असले की बोलणारा ऐकू येत नाही आणि बंद केले की बसवत नाही. त्यामुळे प्रार्थनेपुरते बंद, संदेशाला दोन चालू, गीताला चारही, आणि बटणांपाशी एक काका हे सगळं सांभाळत उभे. मी उभा राहिलो तेव्हा काकांनी चारही बंद केले, माझा आवाज बारीक म्हणून. मला पंधरा मिनिटं दिली होती. मी ऑपरेशनच्या आधी रात्रीपासून पाणी बंद असलेल्या एका बाईंबद्दल बोललो, ज्या मला म्हणाल्या होत्या, "रक्त घे बाबा हवं तेवढं, पण घोटभर पाणी दे," आणि मला देता आलं नव्हतं. सहा मिनिटांत संपलं. पुढे बोलायला काही नव्हतं, तोंडही कोरडं पडलं होतं. काकांनी कूलर लावले.

तेव्हापासून मी घरोघरी जाताना एक बारीकशी खोड लावून घेतलीय. सुई टोचायच्या आधी मनात एक ओळ म्हणतो, त्या माणसासाठी. माणसाला सांगत नाही, उगीच गैरसमज व्हायचा. पण महालातल्या एका जुन्या वाड्यात एक काकू आहेत, सत्तरीच्या, दर महिन्याला साखर. त्यांच्या नसा दोऱ्यासारख्या, मला वेळ लागतो. त्या डोळे मिटून राम राम म्हणत असतात. मागच्या महिन्यात मधेच डोळे उघडले.

"ओठ काय हलवतोस रे? मोजतोस काय?"

"नाही काकू. आमची प्रार्थना आहे."

"मग मोठ्यानं म्हण की. माझं तू ऐकतोसच दर वेळी."

सुई हातात, कापूस दोन बोटांत, मी म्हटली. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" इथपर्यंत आलो आणि त्यांनी मला थांबवलं.

"हे तर मराठीतच आहे!"

"हो काकू."

"आणि भाकरच मागता? साखर नाही ना मागत?"

"नाही."

"मग चालेल," म्हणाल्या आणि हात पुढे केला. नस पहिल्या झटक्यात लागली. साखर 142 आली, आधीपेक्षा कमी. सून म्हणते गोळी बदलली म्हणून.