बेल्ट पुरतोय का ते बघा, मग सीट घ्या

ताई, बाळासाठी गाडीत कुठली चाइल्ड सीट घ्यावी असं तुम्ही विचारलंत. तुमची लेक पाच महिन्यांची, गाडी जुनी हॅचबॅक, महिन्यातून एकदा कोल्हापूरहून कराडला माहेरी जाणं, आणि सासूबाईंचं म्हणणं, "मांडी असताना सीट कशाला?" आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा लांबण लावतो.

सासूबाईंचं आधी. ताशी ५० च्या वेगात गाडी आदळली तर तो दणका साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. त्यात सहा-सात किलोचं बाळ तालमीतल्या पैलवानाच्या हातातही राहणार नाही. माझ्या आईला हे पैलवानाचं पटलं. कायदा सांगून बघितला होता (मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-बी, १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड), तर म्हणाली, "पोलीस काय आत डोकावतोय व्हय?"

या वयाला सीट उलटीच हवी, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान कोवळी. गाडी समोरून धडकली की उलट्या सीटमध्ये पाठ, मान, डोकं सगळं एकदम मागच्या कवचावर पेललं जातं. सीटवर आर१२९ किंवा आर४४/०४ (चाइल्ड सीटच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय मानकं) असा शिक्का बघा. आर१२९ मध्ये माप उंचीवर असतं आणि किमान १५ महिने उलटंच बसवायचं हा नियम आहे. जमेल तेवढं त्यापुढेही ठेवा. पाय दुमडतात म्हणून लोक घाईने सुलटी करतात. दुमडू देत की, पोरं मजेत मांडी घालून बसतात.

आता माझा शहाणपणा. सवलत दिसली म्हणून घरबसल्या सीट मागवली. उलटी बसवायला गेलो तर गाडीचा बेल्ट पुरेना. मग दुसऱ्याच खाचेतून ओढून कसाबसा खटका लावला. पन्हाळ्याला निघालो, वाघबीळ सोडून पुढच्या वळणावर सीट बाळासकट दाराकडे कलली. पोरगं झोपेतच होतं, पण बायकोने ज्या नजरेने बघितलं ते अजून आठवतंय. घरी येऊन पुस्तिका उघडली: निळ्या खुणेची वाट उलट्या सीटला, लाल सुलट्याला. मी लालमधून घातला होता.

म्हणून दुकानदार तुमच्या गाडीत बसवून बघू देत असेल तरच घ्या. मागच्या सीटच्या फटीत बोटं घालून आयसोफिक्सच्या (बेल्टशिवाय सीट थेट गाडीला अडकवायच्या) लोखंडी कड्या आहेत का चाचपा. जुन्या गाडीत बहुतेक नसतात. नसल्या तरी बिघडत नाही, बेल्टवाली सीट नीट आवळली की काम होतं. हाताने दाब देऊन बेल्ट ओढा, सीटला लॉकचा चिमटा असेल तर तो लावा, मग बेल्ट जिथून जातो तिथेच धरून हलवा. इंचभरापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा. गाडीचा बेल्ट एरवी सुटाच असतो, हिसका बसला तरच अडकतो. त्यामुळे तो हळूहळू सैल पडतो. दर वेळी निघताना तपासा.

बाळाचे पट्टे उलट्या सीटमध्ये खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यायला हवेत. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघा. घडी हातात आली तर सैल आहे. स्वेटरवर पट्टे लावू नका. आधी पट्टे, मग वरून दुपटं.

पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना उलटी सीट कधीही नाही, ती उघडली तर थेट सीटच्या पाठीवर आदळते. कुणाची वापरलेली मिळत असेल तर अपघातातली नाही ना हे विचारा. खात्री नसेल तर राहू दे.

कराडच्या वाटेवर पेठ नाक्याला थांबून तिला बाहेर काढा, एवढं लहान बाळ फार वेळ त्याच बैठकीत नको. हनुवटी छातीला टेकत असेल तर सीट आणखी मागे कलवावी लागेल.

बसवल्यावर फोटो टाका, बेल्ट कुठल्या खाचेतून गेलाय ते दिसेल असा.